लाँगआर्मचे टाके असमान पडतात तेव्हा आधी काय बघायचं

लाँगआर्म म्हणजे गोधडीसारखा तीन थरांचा क्विल्ट शिवायचं मोठं मशीन. त्यावर टीप बिघडली की बहुतेकांचा हात आधी टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, खुंटीकडे जातो. जरा घट्ट, जरा सैल, परत घट्ट. आणि तासाभराने मूळ दोष कोणता आणि आपण नव्याने घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं. मला हा क्रमच उलटा वाटतो. बिघाड कुठे आहे याची निम्मी माहिती क्विल्टवर पडलेली टीपच देते. ती आधी वाचायची आणि मशीनला हात नंतर लावायचा. हे जमलं तर मेकॅनिकला बोलवण्याची वेळ फार क्वचित येते.

टाक्याची लांबी ठरवतं कोण?

घरगुती शिलाई मशीनमध्ये सुईखाली दाते असतात. दर टाक्याला ते कापड ठरावीक अंतर पुढे ढकलतात, म्हणून टाका आपोआप सारखा पडतो. लाँगआर्मला हे दाते नसतात. वरचं कापड, मधलं बॅटिंग म्हणजे मऊ भराव आणि खालचं अस्तर असे क्विल्टचे तिन्ही थर फ्रेमवर ताणून लावलेले असतात आणि मशीनच गाड्यावर बसून रुळांवरून फिरतं. एका गाड्यामुळे ते डावीकडे-उजवीकडे जातं, दुसऱ्यामुळे पुढे-मागे. सुई आपली फक्त वर-खाली होत राहते. ती एकदा कापडात उतरली आणि पुन्हा उतरली, या दरम्यान मशीन जेवढं सरकलं, तेवढी टाक्याची लांबी.

म्हणजे सुईचा वेग आणि मशीन सरकण्याचा वेग यांची सतत जुळणी व्हायला हवी. इंचाला १० टाके हवे असतील तर प्रत्येक टाका २.५४ मिलिमीटरचा. सुईचा वेग तोच राहिला आणि हाताचा वेग निम्मा झाला, तर टाका सव्वा मिलिमीटरवर येतो. हात तर वळणावर मंदावणारच आणि सरळ रेषेत धावणारच.

ही जुळणी करण्यासाठी स्टिच रेग्युलेटर असतो. त्याचे डोळे म्हणजे दोन एन्कोडर. एन्कोडर म्हणजे रुळाला किंवा गाड्याला टेकलेलं एक लहानसं चाक. सायकलच्या चाकावर अंतर मोजायचं यंत्र बसवतात, तसंच. चाक जितकं फिरलं तितकं अंतर मशीन सरकलं असं तो कळवतो आणि त्या हिशेबाने मोटर सुईचा वेग कमी-जास्त करते. एक एन्कोडर आडवं अंतर मोजतो, दुसरा उभं. तिरकी रेषा असली की दोन्ही आकड्यांवरून तिरकं अंतर काढलं जातं. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत इथे दर सेकंदाला कामाला येतो.

रेग्युलेटर बंद करून मॅन्युअल पद्धतीनेही चालवता येतं. मग सुईचा वेग कायम राहतो आणि सगळी जबाबदारी हातावर येते. दोष शोधताना मॅन्युअल पद्धत फार उपयोगी पडते. तीत चालवूनही टाके सुटत असतील किंवा खाली फासे येत असतील, तर रेग्युलेटरचा त्यात काही संबंध नाही, हे दोन मिनिटांत कळतं.

लांब टाक्याच्या मधोमध भोक आहे का?

आता मुख्य गोष्ट. क्विल्टच्या कडेला अस्तर आणि बॅटिंग थोडं जास्त सोडलेलं असतं. तिथे वर त्याच कापडाचा तुकडा ठेवा आणि नमुना शिवा. चाचणीपुरते वर आणि खाली वेगवेगळ्या रंगांचे दोरे घ्या, मात्र जाडी तीच, जी प्रत्यक्षात वापरणार आहात. एका बिंदूपासून आठ दिशांना तीन-तीन इंचांच्या रेषा काढा: उभी, आडवी, दोन्ही तिरक्या, प्रत्येक दिशेला जाणारी आणि येणारी वेगळी. शेजारी दोन वर्तुळं काढा, एक उजवीकडून वळवत आणि एक डावीकडून. प्रत्येक रेषेशेजारी पेन्सिलने बाण काढून ठेवा, नाहीतर फ्रेमवरून काढल्यावर कोणती रेषा कुठून कुठे गेली ते आठवत नाही.

मग भिंग आणि चांगला उजेड घ्या. शेजारच्यांपेक्षा लांब दिसणारा एखादा टाका शोधा आणि त्याच्या बरोबर मध्यावर बघा. तिथे सुईचं रिकामं भोक दिसतंय का?

भोक असेल तर सुई तिथे वेळेवर, ठरलेल्या जागी उतरली होती. फक्त दोऱ्याची गाठ पडली नाही, टाका सुटला. असा टाका शेजारच्या टाक्याच्या बरोबर दुप्पट भरतो, आणि मागच्या बाजूलाही त्या जागी बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा तेवढाच लांब पडलेला दिसतो. भोक नसेल तर सुई तिथे उतरलीच नाही. मशीन पुढे गेलं आणि सुई मागे पडली. लांबून दोन्ही टाके अगदी सारखे दिसतात, पण पहिल्याचं कारण सुई आणि हूक (खाली फिरून दोरे अडकवणारा भाग) यांच्यापाशी असतं, दुसऱ्याचं रुळांपाशी. एन्कोडर स्वच्छ करून पहिला दोष जाणार नाही आणि नवी सुई लावून दुसरा.

बघण्याआधी नखाने कापड रगडू नका. सैल विणीच्या सुती कापडात भोक लगेच बुजतं. घट्ट विणीच्या बाटिकमध्ये ते बराच वेळ स्पष्ट राहतं, म्हणून नमुन्यासाठी बाटिकचा तुकडा हाताशी असला तर उत्तम.

तिसरी शक्यता म्हणजे लांबी सारखी आहे, भोकं रिकामी नाहीत, तरी टीप खराब दिसते: कुठे सैल, कुठे ओढलेली, खाली फासे. तो टेन्शनचा मामला. त्याकडे शेवटी येऊ.

भोक नाही, म्हणजे अंतराचा हिशेब चुकतोय

इथे पहिला प्रश्न असा की दोष कोणत्या दिशेला दिसतो. आडव्या रेषा छान आणि उभ्या वाईट, असं असेल तर उभं अंतर मोजणारा एन्कोडर बघायचा. उलट असेल तर दुसरा.

एखादा एन्कोडर पूर्णच गप्प झाला तर ओळखणं सोपं असतं. त्या दिशेला मशीन सरकवलं तरी सुई हलत नाही, किंवा किमान वेगावर नुसती चालत राहते. अशा वेळी ४५ अंशांची तिरकी रेषा मोजून बघा. समजा फक्त आडवा एन्कोडर चालू आहे. मशीन एक इंच आडवं आणि एक इंच उभं गेलं, म्हणजे प्रत्यक्षात १.४१ इंच. रेग्युलेटरला मात्र एकच इंच कळला. त्याने १० टाके घातले, पण ते १.४१ इंचांत पसरले. इंचाला साधारण ७ टाके, प्रत्येक टाका साडेतीन मिलिमीटरच्या पुढे. आडवी रेषा बरोबर आणि तिरकी याच प्रमाणात लांब भरली, तर दुसऱ्या एन्कोडरची वायर किंवा त्याचं कनेक्शन बघायला लागा. मशीन बंद करून प्लग काढून पुन्हा नीट बसवणं ही पहिली कृती. सतत पुढे-मागे होणाऱ्या गाड्यावर वायरींना दिवसभर हिसके बसतात, त्यामुळे प्लग सैल होणं मुळीच दुर्मिळ नाही.

अधूनमधून चुकणारा एन्कोडर जास्त त्रास देतो. त्याचं चाक रुळावर घट्ट टेकलेलं नसेल, त्याची रबरी कड गुळगुळीत झाली असेल किंवा मध्ये बॅटिंगचं तूस अडकलं असेल, तर ते फिरण्याऐवजी घसरतं. घसरलं तेवढं अंतर मोजलंच जात नाही. म्हणून घसरणारा एन्कोडर टाके नेहमी लांब करतो, आखूड करत नाही. टाके आखूड होऊन एका जागी साचत असतील तर घसरणारा एन्कोडर त्याचं कारण नाही, एवढं तरी निश्चित.

तपासायची रीत साधी आहे. मशीन बंद करा, एका हाताने गाडा हळूहळू सरकवा आणि नजर एन्कोडरच्या चाकावर ठेवा. चाकावर पेन्सिलचा ठिपका काढला तर आणखी सोपं जातं. ठिपका न थांबता फिरला पाहिजे, जाताना आणि येतानाही. एका दिशेला फिरून दुसऱ्या दिशेला क्षणभर थबकत असेल तर चाक पुरेसं दाबलेलं नाही. काही मशीनच्या पडद्यावर एन्कोडरचा आकडा बघायची सोय असते. एका खुणेपासून मशीन दूर नेऊन परत त्याच खुणेवर आणलं की आकडा मूळ जागी यायला हवा. वरचेवर वेगळा येत असेल तर चाक घसरतंय.

आता मोठी चाकं आणि रूळ. गाड्याच्या चाकांना दोऱ्याचे तुकडे गुंडाळले जातात, अगदी आसापर्यंत. कापलेली दोऱ्याची टोकं कुठेही पडतात आणि चाक ती ओढून घेतं. मशीन बंद ठेवून, डोळे मिटून, फक्त दोन बोटांनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. हिसका जाणवतो का? तो दर वेळी रुळाच्या एकाच जागी जाणवला तर दोष रुळात आहे: सांधा वर आलाय, ओरखडा आहे किंवा काही चिकटलंय. हिसका सारख्या अंतराने पुन्हापुन्हा येत असेल तर दोष चाकात आहे, कारण चाकाची प्रत्येक फेरी तेवढ्याच अंतराची असते. हिसक्यामुळे मशीन क्षणभर अडतं आणि मग उडी घेतं. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी त्या उडीला तो किंचित उशिराच प्रतिसाद देतो.

हात सोडल्यावर मशीन आपोआप एका बाजूला सरकत असेल तर फ्रेम सपाटीत नाही. पाणसळ लावून पाय सारखे करा. फ्रेम लांब असते, तेव्हा दोन टोकांना मोजून भागत नाही, मध्येही बघावं लागतं. उताराच्या दिशेला मशीन पळतं आणि चढावर ढकलावं लागतं. टाक्यांत तो फरक दिसतो, आणि संध्याकाळी मनगटातही.

एक कारण असं आहे की ज्याकडे यंत्राचा दोष म्हणून कोणी बघतच नाही. क्विल्टचा वरचा भाग छान आला आणि खाली येता येता टाके बिघडत गेले, तर क्विल्ट गुंडाळायच्या दांड्याकडे बघा. शिवलेला भाग त्यावर गुंडाळला जातो, गुंडाळी जाड होत जाते आणि क्विल्टची पातळी बदलते. बहुतेक फ्रेमवर हा दांडा वर उचलायची सोय असते. ती वापरली नाही तर क्विल्ट मशीनच्या खालच्या भागावर घासतो आणि गुंडाळी मशीनच्या घशात, म्हणजे हाताखालच्या मोकळ्या जागेत, अडते. कापड आणि मशीनचा पाया यांत थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. कडेचे चिमटे आणि त्यांचे पट्टेही असेच. पट्टा उंच आला आणि मशीन त्याला घासून गेलं, की बरोबर कडेचे टाके बिघडतात आणि मधले चांगले राहतात.

आता हाताचा वेग. रेग्युलेटर असला तरी मोटरला कमाल मर्यादा असते. समजा मशीनचा कमाल वेग मिनिटाला १८०० टाके आहे, म्हणजे सेकंदाला ३०. इंचाला १० टाक्यांच्या हिशेबाने तुम्ही सेकंदाला ३ इंचांपर्यंत जाऊ शकता. टाके बारीक करून इंचाला १२ केले की मर्यादा अडीच इंचांवर येते. म्हणजे बारीक टाक्यांसाठी हात हळू करावाच लागतो. त्यापुढे गेलात तर टाके लांबणारच, आणि बरीच मशीनं अशा वेळी आवाज करून सूचनाही देतात. लांब सरळ रेषेच्या मधल्या भागातच टाके लांब होतात आणि दोन्ही टोकांना बरोबर असतात, तेव्हा मशीन नव्हे, वेग तपासा.

टोकांवर आणि कोपऱ्यांवर टाके साचण्याचं कारण नेमकं उलटं असतं. रेग्युलेटरच्या एका पद्धतीत मशीन थांबलं तरी सुई किमान वेगाने चालूच राहते. वळणदार नक्षीला ही पद्धत फार मऊ वाटते. पण किमान वेग मिनिटाला ३०० ठेवला असेल तर सुई सेकंदाला ५ वेळा उतरते. पानाच्या टोकाशी अर्धा सेकंद विचार करायला थांबलात की दोन-तीन टाके तिथेच. टोकदार नक्षी किंवा पट्टी लावून शिवताना हात थांबला की सुईही थांबेल अशी पद्धत निवडा, किंवा किमान वेग उतरवा. मशीनचे दांडे आवळून धरू नका. आवळलेल्या मुठीतला बारीक कंप एन्कोडरपर्यंत जातो आणि तोही अंतर म्हणून मोजला जातो.

संगणकावर चालणाऱ्या मशीनमध्ये हात नसतो, म्हणून तिथे मशीन ओढणाऱ्या पट्ट्यांचा (बेल्टचा) ताण आणि ठरवलेला वेग एवढंच वेगळं बघायचं. वेग निम्म्यावर आणून तीच नक्षी शिवा. सुधारली तर उत्तर मिळालं.

भोक आहे, म्हणजे टाका सुटतोय

टाका कसा बनतो ते क्षणभर डोळ्यांसमोर आणा. सुई दोरा घेऊन खाली जाते आणि वर यायला लागते. त्या क्षणी सुईच्या मागच्या बाजूला, नेढ्याच्या वर, दोऱ्याचा छोटासा फासा उभा राहतो. हूकचं टोक येऊन तो फासा उचलतं, बॉबिनभोवती फिरवतं आणि वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकतो. हूक आणि सुई यांमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढं असतं. फासा लहान पडला, वाकडा झाला किंवा सुई त्या क्षणी थोडी जरी वाकलेली असली, तरी हूकचं टोक रिकामंच निघून जातं.

म्हणून पहिली संशयित सुई. नवी लावा, निदान तपासणीपुरती तरी. बोथट सुई कापडात शिरताना टपटप असा आवाज करते, पण आवाज येईपर्यंत थांबू नका. प्रत्येक नव्या क्विल्टला नवी सुई हा नियम मी मोडत नाही. लाँगआर्मच्या बऱ्याच सुयांचा दांडा गोल असतो. घरगुती मशीनच्या सुईसारखी त्याला सपाट बाजू नसते, त्यामुळे सुई चुकीच्या कोनात बसवणं सहज शक्य असतं. बहुतेक मशीनवर लांब खाच आपल्याकडे आणि खोलगट भाग मागे यायला हवा. आपल्या मशीनचं माहितीपुस्तक याबाबतीत शेवटचा शब्द. नेढ्यात दुसरी बारीक सुई किंवा छोटं लोहचुंबक धरलं की कोन चटकन दिसतो. आणि सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. अर्धा मिलिमीटर खाली राहिलेली सुईही टाके सोडते.

जाडीही महत्त्वाची. लाँगआर्मसाठी बनवलेल्या एमआर सुया चारी दिशांना शिवताना कमी वाकतात. त्यांतली ४.० म्हणजे नेहमीच्या मापात १८ नंबर, आणि ३.५ म्हणजे १६. दाट शिवणी, एकावर एक आलेले जोड, बाटिक, चिकटवून लावलेली नक्षी अशा ठिकाणी टाके सुटत असतील तर एक नंबर जाड सुई लावून बघा. फक्त एकाच दिशेला टाके सुटतात ही सुई वाकल्याची जवळजवळ हमखास खूण आहे. त्या दिशेने जाताना कापड सुईला हूकपासून दूर ओढतं. तिथे हात हळू केल्यावर टाके सुटायचे थांबले तर शंकाच उरत नाही.

दुसरं कारण कापडाचा ताण. क्विल्ट सैल असेल तर वर येणाऱ्या सुईबरोबर कापडही उचललं जातं, फासा बनतच नाही. म्हणून लोक क्विल्ट ढोलासारखा ताणतात, आणि मग कापड सुईला बाजूला खेचतं, टाके पुन्हा सुटतात. योग्य ताण हाताला कळतो. खालून बोटाने ढकललं तर बोटाच्या पेराचा उंचवटा वर दिसला पाहिजे आणि वरून तो चिमटीत पकडता आला पाहिजे. मला विचाराल तर सैल क्विल्टपेक्षा जास्त ताणलेले क्विल्टच अधिक बिघडतात, कारण ताणल्यावर ते नीटनेटके दिसतात आणि कोणाला शंका येत नाही. कडेचे चिमटे तर फक्त अस्तर सपाट राहण्यापुरतेच ओढायचे.

तिसरं कारण हॉपिंग फूट, सुईभोवती वर-खाली होणारी गोल कडी. सुई खाली असताना तिने कापड सुईखालच्या धातूच्या पट्टीवर टेकवून धरायचं असतं. ती उंच राहिली तर कापड उचललं जातं, फार खाली असली तर मशीन अडखळत सरकतं. पातळ बॅटिंगवरून जाड बॅटिंगवर आलात की तिची उंची पुन्हा बघायची. सुई वर-खाली करणारं चाक हाताने फिरवून सुई सर्वांत खाली आणा. कडीखाली क्विल्टचे थर हलक्या हाताने सरकले पाहिजेत, पण फडफडायला जागा उरता कामा नये.

लांबी बरोबर, तरी टीप खराब

आता खुंटीची पाळी. चांगल्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा बॅटिंगच्या पोटात भेटतात. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे. दोष खाली दिसतो म्हणून बॉबिनला दोष देतात, पण मूळ वर असतं. वरच्या बाजूला बॉबिनच्या रंगाचे ठिपके आले तर वरचा ताण जास्त किंवा बॉबिनचा कमी.

पण खुंटी फिरवण्याआधी दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. टेन्शनच्या चकत्यांमध्ये तो दोन्ही हातांनी ओढून आत बसवा. चकत्यांच्या कडेवर राहिलेला दोरा कितीही खुंटी आवळली तरी सैलच राहतो. त्याशेजारची बारीक स्प्रिंग दर टाक्याला हलते का बघा. दोऱ्याच्या कोनाच्या (शंकूसारख्या रिळाच्या) वरचं कडं कोनाच्या बरोबर मध्यावर हवं. गुळगुळीत पॉलिस्टर दोरा कोनावरून घसरून बुडाशी अडकतो, मग सुटतो, परत अडकतो. टीप थोडी घट्ट, थोडी सैल, पुन्हा घट्ट अशी लाटेसारखी दिसत असेल तर आधी तिथे बघा. कोनावर जाळी चढवली की हे बहुधा थांबतं.

टेन्शन नेहमी बॉबिनपासून लावायला सुरुवात करावी. बॉबिन ज्या डबीत बसतं ती बॉबिन केस उघडून तूस काढा. ताणपट्टीखाली अडकलेला एक तंतूही ती उचलून धरतो आणि ताण ढासळतो; जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून फिरवला की तो निघतो. दोऱ्याचं टोक धरून केस लोंबकळत ठेवा. ती जागेवर राहिली पाहिजे आणि हलका झटका दिल्यावर इंचभर उतरून थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. बॉबिनचा ताण मोजणारं टोवा कंपनीचं यंत्र असेल तर मोठ्या एम बॉबिनसाठी बरेच जण १८० ते २२० या दरम्यान सुरुवात करतात. आकडा वहीत दोऱ्याच्या नावासमोर लिहून ठेवा, पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप वाचतो. स्क्रू एका वेळी आठवा हिस्साच फिरवायचा.

फासे फक्त वळणावर किंवा थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार टाक्यांतच येत असतील, तर बॉबिन गरगरतंय. मशीन थांबलं तरी ते फिरत राहतं आणि दोरा सैल पडतो. केसच्या आत तळाशी एक पातळ स्प्रिंग असते, तिचं काम हेच रोखणं. ती वाकलेली, झिजलेली किंवा गायब आहे का बघा. बॉबिन मऊ भरलं असेल तरी ताण असा वरखाली होतो. अंगठ्याने दाबल्यावर दोरा दबत असेल तर ते बॉबिन बाजूला ठेवा आणि भरताना ताण वाढवा.

एका दिशेला टाके अगदी सरळ आणि उलट दिशेला किंचित तिरके दिसणं मात्र दोष नव्हे. हूक एकाच दिशेने फिरतो आणि दोऱ्याला एकाच बाजूचा पीळ असतो, म्हणून हा फरक चांगल्यात चांगल्या मशीनवरही राहतो. त्याच्या मागे लागून जमलेलं टेन्शन बिघडवू नका.

टायमिंगला हात लावण्याआधी

हूक आणि सुई यांची वेळ चुकणं ही गोष्ट खरी आहे, पण ती आपोआप सहसा चुकत नाही. सुई पट्टीवर आदळली, खाली दोऱ्याचा गोळा होऊन मशीन अडकलं, असं काहीतरी आधी घडलेलं असतं. नवी सुई, योग्य कोन, स्वच्छ हूक, तेलाचा थेंब, बरोबर ताण इतकं करूनही सगळ्या दिशांना टाके सुटत असतील किंवा दोरा सारखा पिंजला जात असेल, तर मग टायमिंग तपासायची वेळ आली.

मेकॅनिकला तो बाण काढलेला नमुना द्या आणि सोबत सुईचा नंबर, दोऱ्याची जाडी, इंचाला किती टाके आणि कोणत्या पद्धतीत चालवलं, हे लिहून द्या. सुईचा नंबर मुद्दाम सांगा, कारण हूक आणि सुई यांमधलं कागदभर अंतर त्या सुईच्या जाडीवरच ठरतं. १८ नंबरची सुई लावून ते जुळवलं आणि घरी येऊन तुम्ही बारीक सुई बसवलीत, तर अंतर वाढतं आणि टाके पुन्हा सुटायला लागतात. जी सुई तुम्ही सर्वांत जास्त वापरता, तीच लावून टायमिंग जुळवून घ्या.